सिंदखेडचे जाधवराव : देशमुखी ते मातृतीर्थ

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिंदखेड राजा हे तालुक्याचे गाव आहे. या परिसरात देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा, आडगाव राजा अशी ‘राजा’ हे उपपद मिरवणारी आणखीही गावे आहेत. ही सारी नावे एकाच घराण्याची आठवण सांगतात. ते घराणे म्हणजे सिंदखेडचे जाधवराव. निजामशाही, मोगल, आसफजाही आणि इंग्रज अशा एकामागून एक आलेल्या सत्तांच्या काळात या घराण्याने वैभव पाहिले, विश्वासघात सोसला, फाटाफूट अनुभवली आणि शेवटी वतनही गमावले. तरीही महाराष्ट्राच्या मनातील त्याचे स्थान अढळ राहिले. राजे लखुजीराव जाधव यांनी उभारलेल्या आणि राजमाता जिजाऊंच्या जन्माने पावन झालेल्या या घराण्याची ही वाटचाल.

देवगिरीचा वारसा

जाधवराव आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि रामदेवरायांच्या वैभवशाली राज्याला उतरती कळा लागली. १३१८ मध्ये रामदेवरायांचे जामात हरपालदेव मारले गेले आणि यादवांची सत्ता संपली. पुढे देवगिरीचे दौलताबाद झाले. राज्य गेले, पण त्या कुळातील माणसे दख्खनच्या मातीत टिकून राहिली. बहमनी आणि नंतर निजामशाही अमदानीत शिलेदारी करत, गावोगावची पाटिलकी-देशमुखी सांभाळत त्यांनी आपले अस्तित्व जपले. विठोजी जाधव यांचे पुत्र लखुजी हे याच परंपरेतले. दौलताबाद या शहराशी या घराण्याचे नाते पुढेही वारंवार आणि फार वेदनादायक रीतीने येत राहिले.

त्या काळचा वऱ्हाड हा फौजांच्या वाटेवरचा मुलूख होता. खानदेशातून घाट चढून येणारी सैन्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातूनच दख्खनमध्ये उतरत. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडने १४३७ मध्ये आणि पुन्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या लढाया पाहिल्या. १५७४ मध्ये निजामशहाने वऱ्हाडची इमादशाही बुडवली आणि हा सारा प्रदेश अहमदनगरच्या अमलाखाली आला. सत्ता बदलली की जुने वतनदार डळमळीत होतात, नव्यांना संधी मिळते आणि रयत मात्र दोघांच्या मध्ये भरडली जाते. सिंदखेड परगण्यातही तसेच घडले.

देशमुखीची स्थापना

सिंदखेड गाव इ.स. १४५० च्या सुमारास काझी घराण्याकडे इनाम होते आणि परगण्याची देशमुखी मुळे देशमुखांकडे होती. वतनाच्या झगड्यात मुळे घराण्यावर घाला पडला. त्या संहारातून वाचलेली एक गरोदर स्त्री दौलताबादेस आश्रयाला गेली आणि लखुजींनी तिला अभय दिले, असे घराण्याच्या परंपरेत सांगितले जाते. पुढे लखुजींनी बंडखोरांचा बंदोबस्त केला आणि १५७६ च्या सुमारास सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे आली. शरण आलेल्या स्त्रीला दिलेला आश्रय हा या घराण्याच्या स्थापनेचा पहिला टप्पा मानला जातो. सिंदखेडकरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही हकिकत अभिमानाने सांगितली आहे.

देशमुखी म्हणजे केवळ मान नव्हता, ती मोठी जबाबदारी होती. परगण्यातील गावांचा सारा वसूल करून सरकारात भरणे, पड जमिनीवर कुळे आणून वसवणे, चोराचिलटांपासून रयतेचे रक्षण करणे, गोतसभेत बसून तंटे मिटवणे आणि वेळप्रसंगी सरकारच्या हाकेला स्वार-प्यादे घेऊन धावणे ही सारी कामे देशमुखाकडे असत. हिशेबाची दफ्तरे देशपांडे सांभाळत. नवी जमीन लागवडीला आणणाऱ्या शेतकऱ्याला सुरुवातीची काही वर्षे कमी सारा लावून तो हळूहळू वाढवत नेण्याचा कौल दिला जाई. या सेवेबद्दल देशमुखाला वसुलातला ठरावीक हक्क मिळत असे. जहागीर बादशहाच्या मर्जीने मिळे आणि मर्जीनेच जाई. वतन मात्र वंशपरंपरेचे असे. म्हणून त्या काळचा मराठा सरदार जहागिरीपेक्षाही वतनाला जिवापाड जपत असे. लखुजीरावांनी सिंदखेडला मूळ धरले ते याच वतनाच्या बळावर.

या कामात एकट्या सरदाराचा पराक्रम पुरत नाही. गावोगावचे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, घोडी सांभाळणारे, चारा-दाणा पुरवणारे आणि तलवार घेऊन मागे उभे राहणारे भाऊबंद असे अनेक हात त्यात होते. लखुजीरावांचे बंधू जगदेवराव आणि दत्ताजी, अचलोजी, राघोजी व बहादूरजी हे चार पुत्र या उभारणीत त्यांच्या खांद्याला खांदा लावून होते.

राजवाडा, तलाव आणि बारव

पुढच्या अर्ध्या शतकात सिंदखेडचे रूप पालटले. गावात दगडी जोत्यावर भुईकोट राजवाडा उभा राहिला. त्याचे भव्य प्रवेशद्वार आजही जाणाऱ्या-येणाऱ्याचे लक्ष वेधून घेते. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी लखुजीराव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी जिजाऊंचा जन्म झाला. वाड्यातल्या रंगमहालात रंगपंचमीच्या दिवशी बाल जिजाऊ आणि शहाजी यांच्यावर रंग उधळला गेला आणि तिथेच या दोघांच्या सोयरिकीचा विषय निघाला, अशी कथा बखरींनी अजरामर केली आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेरूळच्या भोसल्यांचे मालोजीपुत्र शहाजी यांच्याशी जिजाऊंचा विवाह झाला आणि दख्खनमधील दोन कर्तबगार घराणी एकमेकांशी जोडली गेली.

वाड्याइतकीच किंबहुना त्याहून अधिक मोलाची आहेत ती सिंदखेडची जलकामे. काळ्या मातीचा आणि खालच्या काळ्या पाषाणाचा हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, ओढे दिवाळीनंतर आटणारे. अशा ठिकाणी गाव वसवायचे तर आधी पाण्याची सोय करावी लागते. सिंदखेडच्या मोती तलावाची दगडी भिंत किल्ल्याच्या तटासारखी भक्कम आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. तलाव भरला की तिचे खालचे मजले पाण्यात असतात. पुतळा बारव ही पायऱ्यांची विहीर तिच्यातील शिल्पांमुळे प्रसिद्ध आहे, तर सजना बारव आकाराने आणि बांधणीने लक्षात राहते. तलावात साठलेले पाणी आजूबाजूच्या जमिनीत मुरते आणि बारवांना उन्हाळ्यातही पाझर राहतो. भिंत आणि विहीर यांचे हे नाते त्या काळच्या बांधकाम करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

नीळकंठेश्वर आणि रामेश्वर ही जुनी शिवालये या गावाच्या जाधवांपूर्वीच्या इतिहासाचीही साक्ष देतात. जाड तटभिंतींचा काळाकोट आणि साखरवाडा या वास्तूंमधून लष्करी ठाणे म्हणून सिंदखेडचे महत्त्व दिसते. या साऱ्या कामांवर राबलेल्या पाथरवट, गवंडी, वडार, बेलदार, लोहार आणि सुतार यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. पण चार शतके ऊनपाऊस सोसूनही ज्या सांध्यांतून चुना निसटलेला नाही, ते सांधेच त्यांची सही आहेत.

मनसब आणि मनस्ताप

१५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांच्या हवाली केला आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला. त्यानंतर मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली. त्याच्या गनिमी काव्याच्या युद्धात मराठा सरदारांचे घोडदळ हीच खरी ताकद होती आणि त्या सरदारांत लखुजीरावांचे नाव अग्रभागी होते. एका बाजूला दिल्लीचा बादशहा, दुसऱ्या बाजूला निजामशहा आणि दोघांच्या सीमेवर सिंदखेडचे वतन. अशा स्थितीत जाधवरावांचा प्रत्येक निर्णय जोखमीचा होता.

१६२१ च्या सुमारास शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दक्षिणेत असताना लखुजीराव मोगलांना मिळाले. त्यांना आणि त्यांच्या पुत्र, नातू व आप्तांना मिळून २४ हजारांची जात मनसब आणि १५ हजार स्वारांचा दर्जा देण्यात आला. मोगल दरबाराने एका मराठा घराण्याला एवढा मोठा मान द्यावा, यातूनच जाधवांची ताकद केवढी होती ते कळते.

याच सुमारास कौटुंबिक दुःखाचे प्रसंगही आले. निजामशहाचा दरबार आटोपून सरदार परतत असताना खंडागळे यांचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्याच्या गडबडीत जाधव आणि भोसले यांच्यात शस्त्रे उपसली गेली. लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी यांना विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी यांनी ठार केले. ते वृत्त कळताच लखुजीराव मागे फिरले आणि त्यांच्या हातून संभाजी मारले गेले. शहाजीराजेही त्या धुमश्चक्रीत जखमी झाले. सासर आणि माहेर यांच्यामधल्या या रक्तपाताची झळ जिजाऊंना सोसावी लागली.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची प्रसिद्ध लढाई झाली. मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून, तर जाधव मोगलांकडून होते. जावई आणि सासरे एकाच रणभूमीवर समोरासमोर उभे ठाकले. सरदारांच्या निष्ठा त्या काळी तख्ताशी बांधलेल्या असत आणि नाती त्या निष्ठांच्या कात्रीत सापडत. स्वतःचे राज्य असल्याशिवाय ही कात्री सुटणार नाही, हा धडा जाधव-भोसल्यांच्या पुढच्या पिढीला याच अनुभवांनी दिला.

दौलताबादचा घाव

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. काही काळाने लखुजीराव पुन्हा निजामशाहीत परतले. पण अंबरनंतरचा निजामशाही दरबार संशयाने पोखरलेला होता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात लखुजीराव आपल्या मुलांसह मुजऱ्याला गेले. निजामशहाने त्यांना भेटीला बोलावून दगा दिला. भर दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि दत्ताजींचे पुत्र यशवंतराव अशी तीन पिढ्यांतली चार माणसे मारली गेली. ज्या देवगिरीच्या यादवांचा वंश हे घराणे सांगत होते, त्याच देवगिरीच्या छायेत त्याच्या कर्त्या पुरुषांचे रक्त सांडले.

दौलताबादच्या छावणीत असलेले बंधू जगदेवराव, पुत्र बहादूरजी आणि लखुजीरावांच्या पत्नी तेथून निसटून सिंदखेडला पोहोचले. त्यांनी मोगलांचा आश्रय घेतला आणि वतन राखले. पाठोपाठ १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. कर्ते पुरुष गेलेले, फौजांच्या सतत येरझाऱ्या, त्यात पावसाने पाठ फिरवलेली. या काळात वतन टिकले, हीच बहादूरजी आणि जगदेवराव यांची मोठी कामगिरी म्हणावी लागेल.

याच वर्षांत जिजाऊ गरोदर असताना शिवनेरीवर होत्या. माहेर उद्ध्वस्त झाल्याची वार्ता पचवून त्यांनी १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांना जन्म दिला. या कत्तलीनंतर शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. ज्या सत्तेने आपल्याच आधारस्तंभांवर घाव घातला, ती सत्ता १६३६ मध्ये नकाशावरून पुसली गेली. सिंदखेडला मात्र लखुजीरावांची समाधी उभी राहिली. विटा, दगड आणि चुन्याची ही घुमटाची प्रचंड वास्तू हिंदू राजांच्या समाधी वास्तूंमध्ये सर्वांत भव्य म्हणून गणली जाते.

एक घराणे, तीन तख्ते

यापुढे जाधवरावांच्या शाखा वेगवेगळ्या दिशांनी वाढल्या. सिंदखेड-देऊळगाव राजा परिसरातील शाखा मोगलांच्या सेवेत राहून वतन सांभाळत होती. अचलोजींचे पुत्र संताजी यांना जिजाऊंनी आपल्याजवळ वाढवले, असे घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. याच शाखेत पुढे धनाजी जाधव झाले. आपल्या माहेरचा एक अंकुर स्वराज्याच्या जमिनीत रुजवण्याचे श्रेय अशा रीतीने जिजाऊंकडेच जाते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १७ जून १६७४ रोजी पाचाड येथे त्यांनी देह ठेवला. सिंदखेडच्या लेकीच्या मनातले स्वतःचे राज्य तोवर प्रत्यक्षात आले होते.

संभाजीमहाराजांच्या बलिदानानंतर स्वराज्यावर आलेल्या संकटात धनाजी जाधवांनी संताजी घोरपड्यांच्या बरोबरीने मोगलांना जेरीस आणले. पाणी पिताना बुजलेल्या घोड्याला मोगल स्वार ‘पाण्यात धनाजी दिसतो काय?’ असे विचारत, ही दंतकथा महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. संताजींनंतर धनाजी सेनापती झाले. १७०७ मध्ये शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी शाहूंच्या पक्षाला मिळाले आणि साताऱ्याच्या गादीचा प्रश्न मार्गी लागला. धनाजींच्या पदरी कारकुनी करणारे बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले. शाहूराजांचा कैदेत असतानाच सिंदखेडकर जाधवांच्या कन्येशी विवाह झाला होता. छत्रपतींच्या घराण्याशी सिंदखेडचे नाते त्यामुळे पुन्हा जुळले. १७०८ मध्ये धनाजींचे निधन झाले.

धनाजींचे पुत्र चंद्रसेन यांचे बाळाजी विश्वनाथांशी बिनसले आणि १७११ च्या सुमारास ते शाहूंचा पक्ष सोडून गेले. पुढे निजामाच्या सेवेत त्यांना भालकीची जहागीर मिळाली. एकाच घराण्याची माणसे मोगल, मराठे आणि निजाम अशा तिन्ही बाजूंना विभागली गेली. ही फाटाफूट क्लेशदायक होती. मात्र प्रत्येक बाजूने जाधवांना मानाचे स्थान द्यावे लागले, हेही तितकेच खरे.

सिंदखेड परगणाही या राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिला. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया याच मैदानावर घातला गेला. त्या विजयाच्या आठवणीसाठी साखरखेर्ड्याला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले होते. डिसेंबर १७५७ मध्ये मराठ्यांनी चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव यांना सिंदखेडात कोंडले. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्या नावाने आणि दत्ताजी शिंद्यांच्या पराक्रमाने ही मोहीम गाजली. निजामअली मदतीला धावून आला, पण मराठ्यांनी त्यालाही जेरीस आणले. शेवटी २५ लाखांचा मुलूख आणि नळदुर्गचा किल्ला देऊन निजामाने तह केला.

देवस्थान आणि लोकजीवन

लढायांच्या या धामधुमीतही जाधवरावांनी परिसराच्या लोकजीवनाला आधार दिला. देऊळगाव राजा हे गाव त्यांच्या आश्रयाने वाढले आणि तिथले बालाजी संस्थान वऱ्हाडातील प्रमुख देवस्थान बनले. आश्विनातल्या बालाजी महाराजांच्या यात्रेत मोठमोठे लाकडी लाठे उभारून मंडप घालतात. हजारो भक्तांच्या हातांनी दोर ओढून उभा राहणारा हा लाठा मंडप या यात्रेचे खास वैशिष्ट्य आहे. वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशातून लोक या यात्रेला येतात. घराण्याचे राजवैभव ओसरल्यावरही देवस्थानाचा उत्सव लोकांनी आपल्या बळावर चालू ठेवला आहे.

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयाला ‘संत चोखासागर’ हे नाव देऊन या भागाने आपल्या संतपरंपरेचा मान राखला आहे. जाधवरावांच्या या मुलखाला तलवारीच्या इतिहासाइतकाच भक्तीचा इतिहासही लाभला आहे.

पडता काळ

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रदेशाचे हाल झाले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शेजारच्या भोकरदन भागातील असई येथे आणि २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे इंग्रजांनी मराठी फौजांचा पराभव केला. फौजांच्या वावराने शेती उजाड झाली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने या भागातल्या उपासमारीचे भयानक वर्णन केले आहे. शेकडो माणसे अन्नाविना मरत असताना त्यांना आधार देणारे सरकारच जागेवर नव्हते. लुटारूंचा सुळसुळाट झाला आणि एकेकाळच्या वैभवशाली सिंदखेडची ओळख काही काळ चोरांचे ठाणे अशी झाली.

जाधवरावांचे वतनही फार काळ टिकले नाही. १८५१ मध्ये घराण्याच्या पदरची अरब शिबंदी आणि हैदराबादची फौज यांच्यात जोराची लढाई झाली. त्यानंतर निजाम सरकारने घराण्याच्या पिढीजात मालमत्तेवर जप्ती आणली. घराण्याचे प्रमुख बाजीराव जाधव यांना दौलताबादच्या किल्ल्यात राजबंदी करण्यात आले आणि १८५६ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. अडीच शतकांहून अधिक काळ चाललेल्या देशमुखीचा शेवट त्याच दौलताबादला झाला, जिथे लखुजीरावांनी प्राण गमावले होते. दरम्यान १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. सिंदखेड हे मग मेहकर तालुक्यातले एक सामान्य गाव बनून राहिले.

या पडत्या काळात वास्तूंची मोठी हानी झाली. वाड्याचे लाकूडकाम नाहीसे झाले, भिंती ढासळल्या, तलावांत गाळ साचला. तरीही गावकऱ्यांनी जन्मस्थानाची आठवण विझू दिली नाही. वाड्यात दिवा लावणारे, शिवालयांची पूजा चालू ठेवणारे गुरव, बारव स्वच्छ ठेवणारे शेतकरी आणि मुलांना लखुजी-जिजाऊंच्या गोष्टी सांगणारे गावोगावचे शिक्षक यांच्यामुळेच हा वारसा विसाव्या शतकापर्यंत पोहोचला.

मातृतीर्थाची उभारणी

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि शिवकालाच्या इतिहासाकडे नव्या उमेदीने पाहिले जाऊ लागले. सिंदखेडच्या प्रमुख वास्तूंना संरक्षित स्मारकांचा दर्जा मिळाला. पुढे सिंदखेड राजा हा स्वतंत्र तालुका झाला. आज संपूर्ण बुलढाणा जिल्हा ‘मातृतीर्थ’ म्हणून ओळखला जातो. ज्या जिल्ह्यात लोणारचे खारे सरोवर आणि शेगावचे गजानन महाराजांचे संस्थान आहे, त्या जिल्ह्याने सिंदखेडवरून आलेले हे नाव स्वतःला लावून घ्यावे, यातच या भूमीचा गौरव आहे.

१२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव हा आता महाराष्ट्रातल्या मोठ्या लोकसोहळ्यांपैकी एक आहे. सूर्योदयाच्या वेळी राजवाड्यातील जन्मस्थानी लखुजीरावांचे वंशज महापूजा करतात. त्यानंतर दिवसभर दर्शनासाठी रांगा लागतात. १९९० मध्ये स्थापन झालेल्या मराठा सेवा संघाने या सोहळ्याला व्यापक रूप दिले आणि महामार्गालगत जिजाऊ सृष्टी उभारली. आता राज्याच्या कानाकोपऱ्यांतून लाखो लोक या दिवशी सिंदखेडला येतात. त्यात स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. डोक्यावर फेटे बांधून, लेकरांना कडेवर घेऊन आलेल्या या स्त्रिया जिजाऊंना इतिहासातल्या व्यक्तीपेक्षा घरातले वडीलधारे माणूस मानतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात या भूमीने आपल्या पोटातला आणखी एक ठेवा बाहेर काढला. लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला परिसरात जुने दगडी अवशेष दिसले. उत्खनन केल्यावर शिवमंदिराचे जोते आणि त्याखाली सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. सुमारे १.७० मीटर लांबीच्या या मूर्तीत शेषावर पहुडलेला विष्णू आणि त्याचे पाय चुरणारी लक्ष्मी आहे. मूर्तीवर समुद्रमंथनाचा प्रसंगही कोरलेला आहे. जाधवांच्याही कित्येक शतके आधी सिंदखेड ही संपन्न वस्ती होती, हे या शोधाने पुन्हा सिद्ध केले.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. सिंदखेड राजा येथे या महामार्गावरून उतरण्याची सोय असल्याने नागपूर आणि मुंबई या दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना हे गाव जवळ आले आहे. जिथे एकेकाळी फौजांचे तळ पडत, तिथे आता शाळांच्या सहलींच्या गाड्या थांबतात.

वारशाची पुढची वाट

साडेचारशे वर्षांच्या या वाटचालीत सिंदखेडच्या जाधवरावांनी सनदा मिळवल्या आणि गमावल्या, पण त्यांनी समाजाला जे दिले ते आजही शाबूत आहे. शरणागताला अभय देणारी देशमुखी, तहानलेल्या मुलखासाठी बांधलेले तलाव आणि बारवा, लोकांनी आपलेसे केलेले देवस्थान, स्वराज्याला सेनापती देणारी शाखा आणि या सर्वांच्या शिखरावर, हिंदवी स्वराज्याचे संस्कार करणारी जिजाऊंसारखी कन्या, हे या घराण्याचे खरे वतन आहे.

हे वतन आता सर्व महाराष्ट्राचे आहे आणि ते राखण्याची जबाबदारीही सर्वांची आहे. मोती आणि चांदणी तलावांतला गाळ काढणे, बारवांचे झरे मोकळे ठेवणे, काळाकोट आणि साखरवाड्याच्या तटांची शास्त्रशुद्ध डागडुजी करणे, उत्खननात मिळालेल्या शिल्पांसाठी गावातच सुसज्ज संग्रहालय उभारणे आणि घराण्याच्या शाखांकडे असलेली जुनी कागदपत्रे अभ्यासकांसाठी जतन करणे, ही कामे पुढच्या टप्प्यातली आहेत. शासनाने निधी द्यावा, संशोधकांनी अभ्यास करावा, गावकऱ्यांनी राखण करावी आणि दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने राजवाड्याबरोबर तलाव, बारवा आणि समाधीही आवर्जून पाहाव्यात. लखुजीरावांनी उभे केले आणि असंख्य अनाम हातांनी सांभाळले, ते पुढच्या पिढीच्या हाती धडधाकट सोपवणे हेच या थोर घराण्याला खरे अभिवादन ठरेल.